उंच आणि कोरडा

॥ श्री ॥

मु. खारशेत, ता. पेण, जि. कुलाबा
ता. १३ ऑगस्ट १९५७

चि. सौ. मालूस सासूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाणी भरून झालं होतं, कोंबड्या सोडल्या होत्या, चूल सारवून सुकली होती आणि मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. परवाचे भिजवलेले, मोड चांगले बोटभर आलेले. सखाला बिरडं आवडतं, पण तो मुंबईहून परत येईपर्यंत वाल थोडेच थांबणार होते? तरी सोलत होते. हाताला सवय असते. तेवढ्यात शेजारची मैना बांधावरून धावत आली. चिखलाचे पाय तिने ओट्याखाली पुसलेसुद्धा नाहीत, तेव्हाच मी समजले.

आता घाबरू नकोस. पुढचं वाच आणि मग पाणी पी. सखा सुखरूप आहे.

तुला ठाऊकच आहे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पेणच्या दिनानाथ मूर्तिकारांचे मोठे गणपती आपल्याच मचव्यातून मुंबईला जातात. शाडूची मूर्ती मोटारीच्या धक्क्याने तडकते, म्हणून ते अजून बंदरच धरून आहेत. काल पाणी भरत आल्यावर सखाने अंतोऱ्याच्या बंदरातून मचवा सोडला. बरोबर इकबालचाचा आणि एक खलाशी. आपल्या गावासमोर आले आणि वावटळीसारखा वारा सुटला. पौर्णिमेचं उधाण, नदीलाही पूर. मचवा जुन्या मिठागराच्या मोडक्या बांधावरून आत ढकलला गेला आणि ओहोटी लागली तसा तिथेच बसला. आता तो चिखलाच्या उंचवट्यावर उभा आहे, पोटात सगळे गणपती घेऊन.

आज दुपारी पाणी कालच्याइतकं चढलं नाही. उद्या आणखी कमी चढेल. अमावास्येच्या उधाणाखेरीज तो हलायचा नाही. अमावास्या रविवारची आणि चतुर्थी त्या गुरुवारची. म्हणजे सुटला तर ऐन वेळेला सुटेल. तोवर माणसांनी मचवा सोडायचा नाही. मैना चिखलातली निवट्यांची मासळी धरते ना, ती तिच्या फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल ढकलत, रोज भाकरी आणि पाणी पोचवील.

तू तिथेच राहा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून तुला पाठवलं, ते असं धावत येण्यासाठी नाही. आणि आपल्याकडची रीत तुला सांगून ठेवते. रुतलेल्या मचव्यातल्या माणसाला घरच्या बाईने बांधावरून तोंड दाखवायचं नसतं. मीही जात नाही.

तुझ्या आईवडिलांस नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, हे मागणं.

तुझी सासू
कृष्णाबाई

---

॥ श्री ॥

रोहे, ता. १५ ऑगस्ट १९५७

ती. गं. भा. आईंस मालूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. पाणी प्यायले. मग पुन्हा वाचलं आणि रडले, मग आई रागावली म्हणून जेवले.

तुम्ही लिहिता, सुखरूप आहे. मग मला झोप का येत नाही? डॉक्टरीणबाई म्हणतात, गणपतीच्या आधी कधीही होईल. हे मुंबईहून चतुर्थीच्या आत परत येऊन इकडे येणार होते. तसं कबूल करून गेले होते. आता गणपतींच्या गर्दीत बसलेत, आणि मोदक द्यायला तिथे कुणी नाही. हसू आणायला लिहिलं, पण आलं नाही.

आमचा गोविंदादादा दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि बाहेरून मॅट्रिकला बसतो आहे. रोज इंग्रजीतला एक वाक्प्रचार पाठ करतो. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, अगं, याला इंग्रजांनी शब्दच करून ठेवलाय, हाय अँड ड्राय. म्हणजे उंच आणि कोरडा. त्याच्या पुस्तकात अर्थ दिलाय, संकटात एकटा टाकून दिलेला, कुणाची मदत नसलेला. जहाजावरून आला आहे, एवढंच लिहिलंय. उंच कशाला आणि कोरडा कशाला, ते त्याला कळत नाही. म्हणाला, तुझ्या सासूबाईंना विचार, त्या सगळं वाचतात. मी म्हटलं, शब्द माझ्यासाठीच केलेला दिसतो. एकटी मीच टाकलेली आहे.

आई, एक मागते. सोबत ह्यांच्या नावाची चिठ्ठी आहे. मैनामावशीबरोबर पोचवा. मी एवढंच लिहिलं आहे की ओहोटीला उतरून यावं. गावच्या बांधापासून अर्धा मैलही नाही. निवट्या धरणाऱ्या बायका रोज त्या चिखलात जातात. मचव्याजवळ बाकीचे दोघे थांबतील. मूर्ती दिनानाथांच्या आहेत. मूल आमचं आहे.

रागावू नका. तुमच्या पायांशी सदैव जागा असावी.

आपली
मालू

---

॥ श्री ॥

खारशेत, ता. १८ ऑगस्ट १९५७

चि. सौ. मालूस आशीर्वाद. वि. वि.

तुझी चिठ्ठी मी पाठवली नाही. तुला आधी हे सांगते, मग बाकीचं. ती पत्र्याच्या डब्यात आहे, उघडली नाही. तू आलीस की तुझ्या हातात देईन.

गोविंदाला सांग, मला इंग्रजी येत नाही. मला मराठी वाचायलाच उशिरा आलं. तुझे सासरे गेल्यावर सखाच्या शाळेच्या पुस्तकांवरून आणि दिनानाथांच्या कारखान्यातून मूर्ती बांधायला येतात त्या रद्दी वर्तमानपत्रांवरून अक्षरं जुळवली. पण त्याचे ते दोन शब्द मात्र मला कळले. ज्याने केले तो खाडीकाठचाच असला पाहिजे, मग खाडी कुठली का असेना.

उंच म्हणजे काय, ते मचव्याकडे बघितलं की कळतं. रोजच्या पाण्यात रुतलेला मचवा दुसऱ्या भरतीला सुटतो. त्याची कुणी गोष्ट करत नाही. पण जो सगळ्यात मोठ्या उधाणात, सगळ्यात वर जाऊन बसतो, त्याच्यापर्यंत उद्याचं पाणी पोचत नाही, परवाचं तर नाहीच. पाणी येतं, दिसतं, आणि लांबूनच परत जातं. जितका उंच बसला तितका जास्त दिवस अडकला. आणि कोरडा म्हणजे, फळ्या सुकल्या की आकसतात, सांधे उघडतात. मग ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी मचवा तरंगण्याऐवजी भरतो. म्हणून सखा आणि इकबालचाचा रोज बाहेरून फळ्यांना ओला चिखल थापतात आणि मागच्या बाजूने पाण्याकडे चर खणतात. चिखल काढायचा, भरतीने तो पुन्हा भरायचा, पुन्हा काढायचा. दोघेही स्वतःला मचव्याच्या दोराला बांधून खाली उतरतात. मैना सांगत होती, गो आये, तुजा सोकरा आता गनपतीवानीच दिसतो, मातीचा, रंग द्यायचा रायलाय निस्ता. तिला म्हटलं, असलं अभद्र हसू नको. मग मीही हसले.

आता तुझ्या सासऱ्यांचं. तुला सखाने एवढंच सांगितलं असेल की खाडीत गेले. ते असेच रुतले होते, जवळजवळ याच ठिकाणी. मचव्यात इकबालचाचा होते, त्यांनीच मला नंतर सांगितलं. पाच-सहा दिवस झाले होते. सकाळची वेळ. तिथून आपलं घर दिसतं, कौलांतून निघणारा धूर दिसतो. हे म्हणाले, भाकऱ्या चालल्यात बघ, गरम खाऊन येतो, पाणी परतायच्या आत आलोच. इकबालचाचांनी हात धरला होता, तो सोडवून गेले. तुला वाटतं तसा चिखल सगळीकडे सारखा नसतो. मधून ओहोळ जातात, वरून दिसत नाहीत. फळीवरची बाई तरून जाते, पायी चालणारा रुततो, आणि भरती मागून येत नाही, त्या ओहोळातून पुढून येते. अर्ध्या मैलाचं म्हणतेस. त्यांना त्याहून कमी उरलं होतं.

मचवा अमावास्येला सुटला. बाकीचे दोघे घरी आले.

म्हणून या वेळी मी आपल्या घरात चूल पेटवलेली नाही. मैनेचं घर चिंचेच्या मागे आहे, तिथून खाडी दिसत नाही. मी तिच्याकडे जाऊन भाकऱ्या भाजते. घर धुराशिवाय कसंतरी दिसतं. मांजर येऊन थंड राखेत बसतं.

दिनानाथ रोज येतात. वाईट माणूस नाही. वर्षभराचं काम त्यांचं त्या मचव्यात आहे. म्हणतात, कृष्णाबाई, पेणहून माणसं आणतो, डोक्यावरून मूर्ती बांधापर्यंत काढू, पुढे मोटारीने नेऊ, तुटल्या तर तुटल्या. फक्त तुम्ही बांधावर येऊन मुलाला हाक मारा, तो तुमचंच ऐकेल. मी म्हटलं, म्हणूनच येत नाही.

अंगाला तेल लावत जा. जड उचलू नकोस. राग आला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी सासू
कृष्णाबाई

---

॥ श्री ॥

रोहे, ता. २० ऑगस्ट १९५७

ती. गं. भा. आईंस सा. न. वि. वि.

माझी चिठ्ठी तुम्ही ठेवून घेतलीत. ती तुमच्या नावाची नव्हती.

मामंजींचं वाचून रात्रभर डोळा लागला नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आई, त्या वेळी त्यांचं चुकलं म्हणून ह्यांचंही चुकेल असं का? हे सावध आहेत. आणि मचवा अमावास्येला सुटलाच नाही तर? तुम्हीच लिहिलंत, फळ्या सुकल्या तर तो भरतो. मग आतला माणूस तरी वाचतो का? चिखलातही मरण आणि मचव्यातही, तर निदान घराकडे येता येता, असं माझ्या मनात येतं. असं लिहू नये, पण लिहिलं.

इथे शेजारणी विचारतात, जावई कधी येणार. आई सांगते, गणपती पोचवून येतील. मी उठून आत जाते.

माझं ठरलं आहे. चार दिवसांत तुमच्याकडून ह्यांना निरोप गेल्याचं कळलं नाही तर मी दादाला घेऊन येईन आणि बांधावर उभी राहीन. रीत असो नसो. ह्यांनी मला एकदा या अवस्थेत बघितलं की मग बघू, मचवा मोठा की मी.

घरच्यांचा नमस्कार.

मालू

---

॥ श्री ॥

खारशेत, ता. २२ ऑगस्ट १९५७

चि. सौ. मालूस आशीर्वाद. वि. वि.

कोण मोठं हे तुला बघायची गरज नाही. तूच मोठी. तू बांधावर दिसलीस तर तो ओहोटीचीसुद्धा वाट बघणार नाही. म्हणून तर येऊ नकोस म्हणते.

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. मचवा सुटेलच असं मी कुठे म्हटलं? अमावास्येचं पाणी पौर्णिमेइतकं चढतं की नाही हे कुणी सांगू शकत नाही. डोंगरात पाऊस पडला आणि नदी भरून आली तर चढेल. चार दिवस इथे ऊन आहे. श्रावणात ऊन पडलं की लोक खूष होतात. मी आभाळाकडे बघून दात खाते.

काल मैना भाकरी देऊन आली ती परस्पर घरी निघाली होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, सखा बांधाकडं तोंड करून बसलेला हाय, इकबालचाचा त्याला घडी घडी काम लावतो. तिच्याशी त्याचं एकच बोलणं. रोह्याहून काय कळलं काय? मैना म्हणते नाय. मग भाकरी घेतो. परवा त्याने चाचांना विचारलं म्हणे, बापूस गेला त्या दिवशी ओहोटी किती लांब होती. चाचांनी त्याचा दोर रात्रीपुरता आपल्या कमरेला बांधून घेतला.

दिनानाथांनी माणसं ठरवली आहेत. सोमवारी पाणी चढलं नाही तर ते मूर्ती काढायला चिखलात माणसं घालणार. सखा मचव्याचा तंडेल आहे, हुकूम त्याचा, आधी तोच उतरेल. दुसऱ्याला पुढे करून मागे राहणारा तो नाही.

मालू, मी तुझी चिठ्ठी अडवली, पण सगळंच अडवीन इतकी कठोर मी नाही. तुझं बाळ झालं की मैनेबरोबर त्याला निरोप जाईल. बापाला लेकराची बातमी न देणं मला जमायचं नाही. मग त्याने काय करायचं ते तो जाणे आणि देव जाणे. हे तुला वचन. आता तरी तू तिथेच थांब.

तुझी सासू
कृष्णाबाई

---

॥ श्री ॥

रोहे, ता. २४ ऑगस्ट १९५७

ती. गं. भा. कृष्णाबाई यांस गोविंदाचा सा. न. वि. वि.

मालू काल पहाटे सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. मुलगी दणकट आहे, आवाज तर अख्ख्या आळीला ऐकू जातो. मालूला अशक्तपणा फार आहे, बसवत नाही, म्हणून पत्र मी लिहितो आहे. ती सांगते तसं लिहितो.

काळजी नसावी, हे माझं. पुढचं तिचं.

ती म्हणते, वचन दिलंत, पोचलं. आता ते मोडा. ह्यांना कळवू नका. आपलं अठरा तारखेचं पत्र तिने उशाशी ठेवलं होतं, काल बाळाला जवळ घेऊन मला पुन्हा वाचायला लावलं. म्हणते, नुसता धूर दिसला तर मामंजी उतरले, मुलगी झाल्याचं कळलं तर हे उडीच टाकतील. मचवा पाण्यावर येईपर्यंत रोह्याहून काही कळलं नाही असंच सांगा. राग आला तर माझ्यावर येऊ दे, मी बघून घेईन.

मी तिला म्हटलं, अगं, आता बातमी तरी जाऊ दे, तूच बांधावर निघाली होतीस. तर म्हणाली, तेव्हा मी एकटी होते.

इकडे काल रात्रीपासून पाऊस लागला आहे. कुंडलिका लाल झाली आहे. तिकडे अंबा नदीलाही असाच असेल तर बरं.

आपला लोभ आहेच, तो या नव्या पाहुणीवरही करावा.

आपला
गोविंदा

---

॥ श्री ॥

खारशेत, ता. २९ ऑगस्ट १९५७, गणेश चतुर्थी

चि. सखा यास,
भाऊचा धक्का, मुंबई

आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

तू बाप झालास. मालूला गेल्या शुक्रवारी पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मुलगी मोठ्या आवाजाची आहे असं गोविंदा लिहितो, म्हणजे आपल्याच घरची.

तुला हे इतक्या दिवसांनी का कळतं आहे, ते सांगते. गोविंदाचं पत्र मला सोमवारी सकाळी मिळालं. मैना फळी घेऊन दारात उभी होती, भाकरी फडक्यात बांधून झाली होती. तिने विचारलं, रोह्याहून काय गो? पत्र माझ्या पदरात होतं. मी म्हटलं, अजून काही नाही. तिने तुला तेच सांगितलं, म्हणून तिच्यावर रागावू नकोस, तिला ठाऊक नव्हतं. माझ्यावर रागाव. मालू म्हणते तिच्यावर रागाव. आमचं त्याबाबत भांडण आहे, तू आल्यावर मिटव.

मैना गेली आणि मी मागच्या दाराशी बसून राहिले. मला वाटत होतं तिला परत बोलवावं. तू बांधाकडे तोंड करून बसला असशील हे मला माहीत होतं. पण ज्या बाईने बाळंतपणाच्या खाटेवरून सांगितलं कळवू नका, तिच्यापुढे मी काय करणार?

सोमवारी दुपारी पाणी आलं, चरात शिरलं, मचवा हलला आणि नुसता हलून राहिला, हे मैनेने सांगितलं. संध्याकाळच्या ओहोटीला दिनानाथांची माणसं बांधावर जमली. तुझा आवाज मला घरात ऐकू आला. तू ओरडून सांगत होतास की एकानेही चिखलात पाय घालायचा नाही, मूर्ती माझ्या मचव्यात आहेत, उद्याचं पाणी बघितल्याशिवाय हात लावू देणार नाही. तुझा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला. वडिलांसारखा झाला आहे. दिनानाथ जाताना दारात थांबले, म्हणाले, उद्याचं पाणी, बस्स. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पाणी दिलं.

रात्रभर पाऊस पडला. मंगळवारी मी सकाळपासून वाल सोलत बसले, दाराकडे पाठ करून. सगळा गाव बांधावर गेला होता, पाटलांच्या घरची म्हातारीसुद्धा. मी गेले नाही. दुपार झाली तसा लोकांचा आवाज वाढत गेला, मग एकदम बंद झाला. त्या वेळी माझ्या हातातला वाल तसाच राहिला. नंतर मोरया म्हणून जी आरोळी उठली ती ऐकून चिंचेवरचे बगळे उडाले. मैना आली ती नखशिखान्त चिखल, मला धरून हलवत राहिली. चाचांनी शिडाचा दोर ओढताना मोठ्याने कलमा म्हटला आणि तू मोरया म्हणालास, हे तिने मला चार वेळा सांगितलं.

मालूच्या भावाच्या पुस्तकात तुझ्यासारख्याला एकटा टाकून दिलेला म्हणतात. गोविंदाला मी लिहिणार आहे की अर्थ बरोबर आहे, पण तो पाण्याकडून बघून लिहिलेला आहे. मचव्यात चाचा होते, फळीवर मैना होती. रोह्याला एक बाई बातमी दाबून बसली होती.

गणपती वेळेत पोचले असतील. आता घाई करू नकोस. मुलगी कुठे जात नाही. भरती बघून निघ, आणि रोह्याला जाताना आधी इथे ये, चाचांनाही घेऊन ये. तुझ्या नावाची एक चिठ्ठी डब्यात आहे. तिचं म्हणणं आता जुनं झालं, पण ती मालूला विचारूनच उघड.

मंगळवारी संध्याकाळी तुमचं शीड वळणाआड गेलं असं मैनेने सांगितलं, तरी मी त्या रात्री तिच्याकडेच जेवले. वळणावरून वारा फिरला तर मचवा मागे येतो, म्हणून.

काल सकाळी मी आपली चूल पेटवली आणि वालाचं बिरडं केलं.

तुझी आई
कृष्णाबाई